अवधाण म्हणजे नुसती गाठ नव्हे

प्रश्न असा आला : "ठेच लागून पायाचा अंगठा पिकला आणि दोन दिवसांनी जांघेत दुखरी गाठ आली. आजी म्हणाली, अवधाण आलंय. हा शब्द 'अवधान' म्हणजे लक्ष, त्यातलाच का? लिहिताना नुसतं 'गाठ' म्हटलं तर चालेल?"

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. चालेल, पण निम्मा अर्थ सांडेल. गाठ कुठेही, कशानेही येते, चरबीचीसुद्धा असते. अवधाण मात्र दुसरीकडच्या जखमेपायी येतं. पायाला लागलं तर जांघेत, हाताला लागलं तर काखेत. दुखणं एकीकडे, सूज भलतीकडे, तरी दोन्ही एकाच प्रकरणातली, हे या शब्दात आधीच धरलेलं आहे.

आणि ते खरंही आहे. पेशींच्या अधल्यामधल्या जागेतलं पाणी, म्हणजे लसीका, बारीक नळ्यांतून वर चढतं आणि वाटेतल्या ग्रंथींतून गाळलं जातं. पायाकडची लसीका जांघेतल्या ग्रंथींत येते. अंगठ्यात शिरलेल्या जंतूंना काही पांढऱ्या पेशी तिथेच गिळतात. त्या झटापटीत मेलेल्या पेशी म्हणजे बराचसा पू. दुसऱ्या काही पेशी जंतूंचे तुकडे घेऊन ग्रंथीत जातात. तिथे लिंफोसाइट नावाच्या असंख्य पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येकीला ठरावीकच आकार ओळखता येतो. ज्या मोजक्या पेशींशी तुकडा जुळतो, त्या भराभर विभागतात. त्यांतल्या 'बी' प्रकारच्या पेशींपासून पुढे त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात. या सगळ्या गर्दीने ग्रंथी फुगते, तिचं वेष्टण ताणलं जातं, म्हणून दुखतं. एरवी जखम भरत आली की अवधाण आपसूक बसतं; त्याला वेगळा लेप लावून काही साधत नाही.

कधी ग्रंथीच हरते. 1896 साली मुंबईत आलेल्या प्लेगमध्ये पिसवांच्या चाव्यातून शिरलेले जंतू याच ग्रंथींत जाऊन वाढत. छापील मराठीत त्याला 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत, बोलण्यात 'गाठीचा प्लेग'. अवधाणाचा नव्हे. मला वाटतं, पिसवाचा चावा जखम म्हणून नजरेत भरत नाही, तेव्हा ती गाठ कशापायी आली हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

आता 'अवधान'. काही जण दोन्ही शब्द सारखेच उच्चारतात, लिहितातही. पण तेवढ्यावरून नातं जोडू नये. 'शरीराचं लक्ष तिकडे गेलं म्हणून अवधान' ही फोड ऐकायला गोड आहे, पुरावा म्हणून लंगडी. वेगळेपण राखायला 'ण' लिहावा, हे माझं मत.

वापर : अवधाण 'येतं' आणि 'बसतं'. कुठेही जखम, गळू, पिकलेलं नख असं काहीच नसताना आलेल्या, आठवडे उलटूनही न बसणाऱ्या गाठीला अवधाण म्हणू नये; ती डॉक्टरांना दाखवावी.