ओपनस्टॅक (स्वतःच्या सर्व्हरवर क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर) उभं करायला टूल कुठलं घ्यायचं?
हे बघ, पहिल्यांदाच ओपनस्टॅक उभं करतोयस तर सरळ कोला-अ‍ॅन्सिबल घे, प्रत्येक सर्व्हिस वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकीच्यांपासून अलग डब्यात) चालते त्यामुळे नोव्हा (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सर्व्हिस) अडकलं तर बाकीच्याला हात न लावता तेवढंच रीस्टार्ट करता येतं. डेव्हस्टॅक हे दुसरं टूल फक्त शिकायला, त्यावर खरी कामं चालवू नकोस प्लीज. जुन्या लेखांत ट्रिपलओ हे आणखी एक टूल दिसेल, त्याचं काम २०२३ मध्येच थांबवलं, नाद सोड.

मशीनला कमीत कमी दोन नेटवर्क कार्ड, ८ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्क हवी, आणि न्यूट्रॉनच्या (नेटवर्क सांभाळणारी सर्व्हिस) बाहेरच्या कार्डाला आयपी देऊच नकोस, मी दिला होता आणि अख्खी रात्र शोधाशोधीत गेली. डिप्लॉयच्या आधी प्रीचेक्स (टूलची आधीची तपासणी) चालव, लाल ओळ आली की तिथेच थांब आणि ती नीट वाच.