मुलीला मेटलर्जीला ॲडमिशन मिळतेय, घ्यावी का? पुढे नोकऱ्या कुठे असतात?

ताई, तुमच्या मुलीला कॅप राउंडला (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशफेरीत) पुण्याच्या सीओईपीत मेटलर्जी, म्हणजे धातूंचं इंजिनिअरिंग, लागतेय, कॉम्प्युटर पाहिजे तर साध्या कॉलेजात जावं लागेल, आणि घरचे म्हणतायत लोखंडाच्या कारखान्यात मुलीचं काय काम, असा तुमचा प्रश्न. मी याच ब्रँचचा, बरीच वर्षं फोर्जिंग (तापलेला धातू ठोकून आकार देणं) आणि हीट ट्रीटमेंटमध्ये (धातू तापवून-गार करून त्याचे गुण बदलणं) काढली, आता टेस्टिंग लॅबमध्ये आहे.

आधीच सांगतो, तिला कोडिंगच आवडत असेल तर नुसत्या कॉलेजच्या नावासाठी ही ब्रँच घेऊ नका. आवड नसताना फेज डायग्राम (कुठल्या तापमानाला धातूची रचना कशी असते त्याचे नकाशे) आणि थर्मोडायनॅमिक्स रेटणं फार वैतागाचं असतं.

पहिलं वर्ष सगळ्यांसारखंच, खरी मेटलर्जी नंतर सुरू होते. खनिजातून धातू कसा काढायचा, कास्टिंग, वेल्डिंग, गंज हे सगळं आहेच, पण जीव आहे तो हीट ट्रीटमेंटमध्ये. ०.४ टक्के कार्बनचं साधं स्टील घ्या, ८५० डिग्रीला तापवा, भट्टीतच हळूहळू गार होऊ दिलं तर मऊ राहतं आणि तेच पाण्यात बुडवलं तर कडक पण ठिसूळ होतं, मग टेम्परिंग करून, म्हणजे पुन्हा थोडं तापवून, ठिसूळपणा कमी करायचा. केमिस्ट्री तीच, बदलते ती आतली रचना, आणि ती डोळ्याने बघता येते. सॅम्पल एमरी पेपरवर घासत घासत बारीक पेपरपर्यंत यायचं, मखमलीच्या कापडावर आरशासारखं पॉलिश करायचं, नायटल म्हणजे स्पिरिटमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड, ते काही सेकंद लावायचं, धुवायचं आणि मायक्रोस्कोपखाली धरायचं. पर्लाइटच्या (हळू गार झालेल्या स्टीलमधली पट्ट्यापट्ट्यांची रचना) बारीक रेघा पहिल्यांदा दिसल्या की काही पोरं तिथेच अडकतात, काहींना ढिम्म फरक पडत नाही. तिचं काय होतंय त्यावरच ही ब्रँच तिची की नाही ते कळतं.

कामाचा एक नमुना देतो. मागे एका कंपनीचे झिंक प्लेटिंग केलेले १२.९ ग्रेडचे, म्हणजे फार जास्त ताकदीचे, बोल्ट आले होते, टाइट केले तेव्हा ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी डोकी तुटून खाली. हार्डनेस बरोबर, केमिस्ट्री बरोबर, सप्लायर आणि कस्टमर एकमेकांवर ढकलतायत. तुटलेला भाग एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बघितला तर तडा ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या बारीक कणांच्या, कडेकडेने गेलेला. पिकलिंग (ॲसिडने साफ करणं) आणि प्लेटिंग करताना स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो, तो बाहेर काढायला प्लेटिंगनंतर लगेच २०० डिग्रीच्या आसपास काही तास बेक करावं लागतं, आणि तेच कोणीतरी घाईत गाळलेलं. हे ज्याला सापडतं त्याला कंपनी सहजासहजी सोडत नाही.

नोकऱ्या म्हणाल तर चाकण-भोसरीकडे फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, ऑटो कंपन्यांचं क्वालिटी, कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने), रायगडमध्ये डोलवीचा स्टील प्लांट. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बहुतेक कमीच, भट्टीजवळ उन्हाळ्यात हाल होतात आणि शिफ्ट असते, हे लपवण्यात अर्थ नाही. सरकारीत जायचं तर गेटचा एमटी (मेटलर्जीचा) पेपर किंवा त्यांची वेगळी परीक्षा देऊन सेल (सरकारी स्टील कंपनी), बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) वगैरे, शिवाय हैदराबादला मिधानी (खास मिश्रधातू बनवणारी सरकारी कंपनी) आणि डीआरडीओची डीएमआरएल ही धातूंची लॅब आहे. मास्टर्सला जर्मनीत आखेनच्या युनिव्हर्सिटीला बरीच मुलं जातात, तिथून बॅटरी, सेमीकंडक्टर, इम्प्लांट, कुठेही वळता येतं. आणि हो, याच ब्रँचमधून आयटीत जाणारेही असतातच.

मुलगी म्हणून विचारताय तर लॅब, क्वालिटी, आर अँड डी, सिम्युलेशन इथे भरपूर मुली आहेत, आमच्याकडे फेल्युअर ॲनालिसिस बघणारी बाईच आहे आणि तिच्या रिपोर्टवर भलेभले वाद घालत नाहीत. शॉपफ्लोअरवर कमी आहेत, आणि तिथे रात्रपाळी, गाडीची सोय, साधं टॉयलेट सुद्धा कंपनीगणिक बदलतं, जॉइन व्हायच्या आधी तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही.

सीट कन्फर्म करायच्या आधी तिला घेऊन डिपार्टमेंटला जा, मायक्रोस्कोपमध्ये बघू द्या म्हणून विनंती करा, बहुतेक दाखवतात. आणि प्लेसमेंट विचाराल तेव्हा कॉलेजचा एकूण पॅकेजचा आकडा नको, फक्त मेटलर्जीच्या मुलांची यादी मागा, त्यात कोअरमध्ये (मेटलर्जीच्याच कामात) किती गेले आणि आयटीत किती तेही विचारा.