घड्याळ गप्प बसलंय, पण घोरणं चालूच आहे

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आमचे हे 52 वर्षांचे आहेत, घोरतात तर लग्न झाल्यापासून, त्याची सवय झालीये, पण हल्ली मध्येच घोरणं एकदम थांबतं, मला वाटतं झोपले शांत, तेवढ्यात घुसमटल्यासारखा मोठ्ठा श्वास घेतात की परत सुरू. मुलाने स्मार्टवॉच घेऊन दिलंय ते रोज सकाळी मला दाखवतात, बघ, स्लीप स्कोअर 81, एकही अलर्ट नाही, तुझंच काहीतरी. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत तरी बीपी वरच असतं. दुपारी बसल्या जागी पेंगतात, आणि परवा सिन्नरहून गाडी चालवत येताना डोळा लागत होता असं स्वतःच म्हणाले. मी उगाच घाबरतेय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नाही ताई, आणि खरं सांगू का, त्या घड्याळापेक्षा माझा तुमच्यावर जास्त विश्वास आहे. तुम्ही जे लिहिलंय ना, घोरणं, मग शांतता, मग घुसमटून श्वास, ते आम्ही पेशंटच्या बायकोलाच खोदून खोदून विचारतो कारण पेशंटला स्वतःला यातलं काही आठवत नसतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळू मागे जाऊन वाट बंद होते, छाती ओढत असते पण हवा आत जात नाही, ऑक्सिजन उतरायला लागला की मेंदू दचकून जागा करतो, वाट उघडते, परत झोप. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वासाचा हा थांबा 10 सेकंद किंवा जास्त असला की तो मोजायचा. असे थांबे तासाला 5 च्या आत असतील तर नॉर्मल, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. रात्रभर असं दचकून उठणारा माणूस दुपारी पेंगणार नाही तर काय! बीपी आटोक्यात न येण्यामागेही बरेचदा हेच असतं.

आता घड्याळाचं. पहिलं म्हणजे स्लीप स्कोअर आणि स्लीप अ‍ॅप्नियाचा अलर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बऱ्याच घड्याळांत तो अलर्ट नसतोच, नुसता ऑक्सिजनचा ग्राफ असतो, आणि तोही काही मॉडेल्समध्ये सलग न मोजता अधूनमधून मोजतात, मग अर्ध्या मिनिटाची घसरण निसटणारच. ज्यात खरंच सोय आहे, म्हणजे सॅमसंग आणि अ‍ॅपलची काही घड्याळं, दोघांनाही अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, एफडीएने, 2024 मध्ये परवानगी दिली, तीसुद्धा फक्त मध्यम ते तीव्र आजाराची चिन्हं शोधतात. सॅमसंगला 10 दिवसांत किमान दोन रात्री चार-चार तासांची झोप लागते, अ‍ॅपल मनगटाच्या बारीक हालचालींवरून श्वासातले अडथळे ओळखतं आणि 30 दिवसांतल्या निदान 10 रात्री बघून मग बोलतं. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चाचणीत असा आजार असलेल्यांपैकी साधारण 66 टक्केच पकडले गेले. म्हणजे तिघांतला एक सुटला. अलर्ट आला तर तो सहसा खोटा नसतो, लगेच डॉक्टरकडे जायचं. नाही आला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

आम्ही आठ साधे प्रश्न विचारतो : मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा किंवा झोप, श्वास थांबलेला कुणी पाहिला का, बीपी, वजन, पन्नाशी ओलांडलीये का, गळ्याचा घेर, आणि पुरुष आहे का. पाच किंवा जास्त ‘हो’ आले की धोका मोठा. तुमच्या पत्रातच सहा झाले, वजन आणि गळा तर मी अजून विचारलेलेच नाहीत.

तर चेस्ट फिजिशियन किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करायचीये असंच सांगा. बऱ्याच जणांची घरच्या घरी होते, नाकाला नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप. जाण्याआधी रात्री मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, तो पाहून ह्यांचा ‘तुझंच काहीतरी’ पण बंद होईल. तोपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग बंद म्हणजे बंद, रात्रीची दारू बंद, आणि झोपेची गोळी मनाने घ्यायची नाही, दोन्हीने घसा आणखी सैल पडतो. यावरच्या उपचाराला, सीपॅप मशीनला, लोक उगाच बिचकतात, 1981 पासून वापरात आहे, रात्री मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवतं, इतकंच.

प्रश्न : वय 29, पुणे, आयटीत आहे. घोरत नाही, दिवसा झोप येत नाही. पण मनगटावरच्या फिटनेस बँडने एका रात्री ऑक्सिजन 82 टक्के दाखवला आणि डीप स्लीप फक्त 38 मिनिटं. तेव्हापासून झोपच उडालीये. स्लीप स्टडी करू का?

उत्तर : एवढ्यावरून नको. हात अंगाखाली दबला, पट्टा सैल असला, हात गार पडला तरी असा एखादा आकडा येतो. खऱ्या अ‍ॅप्नियात एकच खड्डा नसतो, रात्रभर करवतीच्या दात्यांसारखे चढउतार दिसतात. आणि डीप स्लीप मोजायला मेंदूच्या लहरी लागतात, बँड नाडी आणि हालचालीवरून अंदाज बांधतो, त्या 38 मिनिटांचं टेन्शन घेण्यात अर्थ नाही. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, जरा घट्ट बांधा, आठवडाभर अ‍ॅप उघडू नका, मग सगळ्या रात्री एकत्र बघा. वारंवार घसरण दिसली, किंवा रूममेट म्हणाला की तू घोरतोस, तर या.