‘पाहता आले नाही’ असे अहवाल म्हणतो तेव्हा

प्रश्न : आम्ही ४२ वर्षांचे दुमजली घर घेण्याचे ठरवून विसार दिला आणि साठेखत केले. त्यानंतर आमच्या अभियंत्याने घराची तपासणी करून अहवाल दिला. त्यात तडे, ओल, गंजलेल्या सळ्या असे बरेच काही असून जागोजागी ‘अधिक तपासणी आवश्यक’ असा शेरा आहे. विक्रेते म्हणतात, जुन्या घराबद्दल अभियंते असेच लिहितात. शिवाय घर ‘जसे आहे तसे’ घेत असल्याचे कलम साठेखतात आहे. खरेदीखताला पाच आठवडे उरले आहेत. माघार घेतली तर विसार बुडेल का?

उत्तर : अहवालासोबत साठेखतही पाठवलेत हे बरे केलेत, कारण हे दोन्ही कागद शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. तड्यांची छायाचित्रे पाहून आपण धास्तावला आहात, असे पत्रावरून दिसते. मला मात्र नवव्या पानावरच्या तीन ओळी अधिक महत्त्वाच्या वाटतात. मागच्या खोलीला पीओपीचे छत असल्यामुळे तिथल्या स्लॅबची खालची बाजू पाहता आली नाही, असे अभियंत्याने तिथे नोंदवले आहे. शेजारच्या खोलीत स्लॅब उघडा आहे आणि तिथे काँक्रीटचे आवरण सुटून सळ्या दिसू लागल्या आहेत. म्हणजे जिथे संशयाला सर्वाधिक जागा आहे, तीच खोली तपासणीतून सुटली आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला, खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला सापडला नसता असा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि तो न सांगणे हे कलम कपटात धरते. या अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात, आणि आपली अडचण इथेच आहे. अहवाल हाती पडला त्या दिवशी त्यातले दोष आपल्याला ठाऊक झाले. ‘अधिक तपासणी आवश्यक’ हा शेरा वाचूनही आपण तशीच खरेदी केली, तर उद्या वाद झाल्यावर विक्रेत्याचे वकील तेच पान न्यायालयापुढे ठेवून आपण कोणती काळजी घेतलीत, असे विचारतील. मालकी आपल्याकडे आल्यानंतर, विक्रेत्यामुळे न झालेल्या नुकसानीचा भारही याच कलमाने आपल्यावर येतो. खरेदीखतापूर्वी हा अहवाल आपल्या हातातले साधन आहे. नंतर तो आपल्याविरुद्धचा पुरावा ठरू शकतो.

‘जसे आहे तसे’ या शब्दांना वजन आहे, कारण कलम ५५ मधली कर्तव्ये करारात वेगळे ठरले नसेल तेव्हाच लागू होतात. डोळ्यांना दिसणाऱ्या तड्यांबद्दल आपल्याला आता फारशी तक्रार करता येणार नाही. परंतु अशा कलमाच्या आड कपट लपवता येत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये माहीत असलेली गोष्ट हेतुपुरस्सर झाकणे हेही कपट मानले आहे. म्हणून पीओपीचे छत केव्हा बसवले, हा प्रश्न मला कळीचा वाटतो. ते दहा वर्षांपूर्वीचे असेल तर गोष्ट वेगळी. घर विक्रीला काढल्यावर तेवढ्या एकाच खोलीत ते आले असेल, तर गोष्ट पुष्कळच वेगळी.

हा प्रश्न तोंडी विचारू नका. मालमत्तेबाबत खरेदीदाराने विचारलेल्या सर्व संबंधित प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणे, हेही कलम ५५ ने विक्रेत्यावर टाकलेले कर्तव्य आहे. छत कधी बसवले, पूर्वी गळती झाली होती का, सळ्यांची दुरुस्ती कोणी केली, आधीचा एखादा अहवाल आहे का, हे लेखी विचारा आणि छताचा एक भाग उघडून तपासण्याची परवानगी त्याच पत्रात मागा. नकार आला तर तोही जपून ठेवा.

अहवालातल्या तड्यांपैकी गिलाव्यातल्या केसासारख्या रेषा बाजूला ठेवल्या तरी चालेल. तुळईच्या खालच्या अंगाने सळीच्या रेषेत धावणारा तडा मात्र सोडू नका. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. अभियंत्याने तिथे विद्युत विभव चाचणी, म्हणजे सळीच्या विद्युत दाबावरून गंज चालू आहे का याचा अंदाज घेणारी चाचणी, सुचवली आहे. तिचे वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. पण सळी किती झिजली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी आवरण थोडे फोडून सळीचा व्यास प्रत्यक्ष मोजावा लागतो, आणि दुरुस्तीचा खर्चही या मापावरच ठरतो. (वकिलाने हे सांगावे हे थोडे विचित्र आहे, पण खर्चाचा अंदाज नसेल तर किमतीची बोलणी करायला आधारच राहत नाही.)

आता विसार. केवळ दिसणाऱ्या दोषांवरून आज माघार घेतलीत, तर करारभंग आपल्याकडून झाला असे म्हणायला जागा राहते आणि खरा विसार, म्हणजे करार पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम, जप्त होऊ शकतो. दिलेल्या रकमेपैकी जी किमतीचा आगाऊ हप्ता म्हणून दिली असेल, ती विसारासारखी जप्त करता येत नाही. म्हणून साठेखतात आणि पावतीवर कोणता शब्द आहे, ते पाहावे लागते. आपल्या पावतीवर पूर्ण रक्कम ‘विसार’ म्हणून लिहिली आहे, त्यामुळे घाई करू नये, असे माझे मत आहे. झाकलेला दोष उघड झाला किंवा तपासणीच नाकारली गेली, तर ताबा नाकारण्याला सबळ कारण मिळते. आणि योग्य कारणाने ताबा नाकारणाऱ्या खरेदीदाराचा आपण दिलेल्या रकमेसाठी, विसारासह, त्या मालमत्तेवर बोजा (म्हणजे ती रक्कम त्या मालमत्तेतून वसूल करण्याचा हक्क) राहतो, अशीही तरतूद कलम ५५ मध्ये आहे.

विक्रेते तयार झाले तर मुदतवाढ, कमी केलेली किंमत किंवा दुरुस्ती होईपर्यंत राखून ठेवायची रक्कम, जे ठरेल ते पुरवणी करारात लिहून घ्या, आणि साठेखत नोंदणीकृत असल्यामुळे पुरवणी करारही नोंदवून घ्या. प्रश्नांचे पत्र मात्र याच आठवड्यात पोचपावतीसह पाठवा, कारण तपासणीला लागणारा वेळ साठेखतातल्या मुदतीतूनच जाणार आहे.