खुर्ची सोडायची परवानगी मागा

प्रश्न : वय ३१, हिशेब विभागात नोकरी. गेल्या वर्षी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या कण्याच्या संधिवाताचं निदान झालं. सकाळी तासभर कंबर लाकूड होते आणि दुपारी मी ठणठणीत दिसतो. सहकाऱ्यांना वाटतं, उशिरा यायचं निमित्त आहे. साहेबांना सांगावं का? हलकं काम मागू का?

उत्तर : सांगा, पण सुरुवात आजाराच्या नावाने करू नका. माझी तीच चूक झाली. मी स्पाँडिलायटिस म्हणालो, साहेबांना स्पाँडिलोसिस ऐकू आलं. ‘मलाही आहे हो, पट्टा बांधा, आराम करा.’ त्यांचं दुखणं झिजेचं, आपलं सुजेचं. कंबरेच्या तळाशी, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना जे सांधे असतात, तिथून बहुधा सुरुवात होते आणि सूज वर्षानुवर्षं राहिली तर काहींचे मणके हाडाने सांधले जातात. पडून राहिलं की आखडतं, हिंडलं की सैलावतं. हे उलटं गणित लोकांना कळत नाही, म्हणून त्यांना निमित्त वाटतं.

दुसऱ्या खेपेला मी घड्याळच पुढे ठेवलं. पहाटे साडेतीनला कंबर उठवते. साडेसहाला उठलो तरी मोजे पायात जाईपर्यंत साडेसात होतात. तेव्हा साडेनऊऐवजी साडेदहाला येतो, संध्याकाळी तासभर जास्त थांबतो, आणि दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठेन. एवढंच लेखी दिलं, सोबत संधिवाततज्ज्ञांची चिठ्ठी. मंजूर झालं.

हलकं काम मात्र मागू नका. लोकांच्या लेखी हलकं काम म्हणजे बसून करायचं काम! मला दयेपोटी दिवसभर बिलं तपासायला बसवलं होतं. तीन आठवड्यांत होतो त्याहून वाकलो. आता जाडजूड वह्या मी उंच कपाटावर ठेवून उभ्यानेच चाळतो. बैठकीतही भिंतीपाशी उभा असतो. पहिले काही महिने सगळे ‘बसा ना’ म्हणायचे.

थकव्याचं सांगणं सर्वांत कठीण. झोप झाली तरी तो असतो, आणि मग चारनंतर माझ्या बेरजा चुकतात. ताळेबंदासारखं किचकट काम मी अकरा ते दोनमध्येच उरकतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. एक डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. या आजारात डोळ्याच्या आतही सूज येते. स्क्रीनचा ताण समजून मी चार दिवस काढले, ते काढायला नको होते. सिगारेट ओढत असाल तर सोडा. बरं वाटतंय म्हणून औषधं मनाने बंद करू नका.

सहकाऱ्यांचं म्हणाल तर सगळ्यांना पटवत बसू नका. मी शेजारच्या टेबलावरच्या दोघांनाच सांगितलं. बाकीच्यांना काय वाटतं, ते अजून विचारलेलं नाही.