साप पकडीवर चालतो: घर, गोठा आणि विहिरीसाठी सल्ला

प्रश्न: पाऊस सुरू झाला की गोठ्यात, घरात साप निघतात. पाय नसताना ते भिंत कसे चढतात? पाइपातून, दाराच्या फटीतून आत कसे येतात? गंधक किंवा फिनाईल टाकले तर येणार नाहीत का?

उत्तर: गंधक-फिनाईलवर पैसे घालवू नका. त्याने साप थांबत नाही. काही जण साप पळवायला कार्बोलिक आम्ल (फिनॉल) टाकतात, ते तर मुलांची आणि जनावरांची कातडी भाजते. सापाची चाल समजून घेतली की उपाय आपोआप सुचतात.

सापाच्या कण्यात साधारण २०० ते ४०० मणके असतात. शेपटी सोडली तर जवळजवळ प्रत्येक मणक्याला बरगड्यांची जोडी असते. पोटाखालचे खवले रुंद, आडवे आणि कौलांसारखे एकावर एक बसवलेले. पुढे सरकताना ते सहज घसरतात. मागे किंवा बाजूला रेटले की अडतात. नागमोडी चालताना अंगाचे प्रत्येक वळण ढेकूळ, धसकट, दगड यांना बाजूने रेटते आणि त्या रेट्याने साप पुढे जातो. म्हणून ढेकळांच्या रानात धामण सुसाट पळते, आणि गुळगुळीत फरशीवर तीच जागच्या जागी वळवळते.

घोणस जाडजूड. तो बऱ्याचदा सुरवंटासारखा सरळ रेषेत, सावकाश सरकतो. या चालीत साप बरगड्यांवर चालतो असे सांगतात, ते खरे नाही. बरगड्या आणि पोटाची कातडी यांच्यामधले स्नायू कातडी आधी पुढे ओढतात, मग खवले जमिनीला टेकवून अंग पुढे घेतात. चाल संथ असली तरी घोणसाचा दंश विजेसारखा असतो. शिवाय पायरव लागला तरी तो पुष्कळदा हलत नाही, दडून बसतो. काठी आपटत गेलो म्हणजे भागले, असे समजू नका. गवतात हात घालण्याआधी काठीने ते बाजूला करा. फुरसे मोकळ्या जमिनीवर अंग उचलून तिरके जाते.

पाइपात किंवा उंदराच्या बिळात चौथी चाल. साप अंगाच्या घड्या घालून दोन्ही बाजूंना टेकू घेतो, डोके पुढे ताणतो, तिथे अंग रोवतो आणि मागचा भाग ओढून घेतो. भिंतीचा कोपरा, दगडांमधल्या सांदी, पाइप आणि भिंत यांच्यामधली फट, सगळीकडे हीच युक्ती. त्यामुळे सांडपाण्याच्या पाइपाच्या तोंडाला पाव इंची जाळी बसवा, दाराखालची फट पाव इंचापेक्षा कमी करा. गोठ्याच्या भिंतीला बाहेरून ३ फूट उंचीपर्यंत गुळगुळीत गिलावा द्या. लाकडे, गोवऱ्या, कडब्याची गंजी भिंतीला टेकवून ठेवली तर गिलावा फुकट जातो.

खुराड्याला कुंपण करायचे तर पाव इंची लोखंडी जाळी घ्या. जमिनीवर ३ फूट, जमिनीखाली ६ इंच, आणि जाळी बाहेरच्या बाजूला ३० अंश कललेली. खांब आतून लावा. बाहेर लावलेल्या खांबावरून साप चढतो. सर्वात जास्त फसते ते देखभालीत: पावसात जाळीला वेल लागला की सापाला शिडी मिळाली. दर आठवड्याला बाहेरची दोन फूट पट्टी साफ ठेवा.

पक्षीजाळीचा सैल ढीग बांधावर टाकू नका. डोके आत गेले की खवल्यांच्या मागच्या कडा दोऱ्यात अडकतात, मागे येता येत नाही आणि साप तडफडून मरतो. धामण मेली तर नुकसान तुमचेच, कारण ती उंदीर खाते. अडकलेला साप दिसला तर हात लावू नका. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

मण्यार रात्री फिरतो आणि अंथरुणात शिरतो. जमिनीवर झोपू नका. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली घट्ट खोचा. दंश झालाच तर चिरा, आवळपट्टी, मांत्रिक काही नको. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या.

विहिरीत पडलेला साप पोहतो. पण सिमेंटच्या कड्यांवर पकड मिळत नाही म्हणून थकून बुडतो. खडबडीत बांबूला सुतळीचे पोते गुंडाळून तिरका सोडा, वरचे टोक काठावर टेकवा आणि सगळे दूर व्हा. पकड मिळाली की तो स्वतःच वर येतो.