परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही

प्रश्न: आमचे गाव फोंडाघाटाच्या पायथ्याशी, कणकवली तालुक्यात. मी ठाण्यात सरकारी कार्यालयात लिपिक आहे. दिवाळीत घरी असताना रात्री कापणीला आलेल्या भातात रानडुकरांचा कळप शिरला. थोरल्या भावाकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, परवाना 2011 पासून त्याच्याच नावावर आहे. त्याने बार काढला. जखमी डुक्कर वरच्या फॉरेस्टात पळाले. दादा आणि वाडीतले दोघे मागावर गेले आणि तिथे त्याला दुसरा बार घातला. मटणाचे वाटे झाले, आमचा वाटा फ्रीजमध्ये होता. तिसऱ्या दिवशी वनखात्याने मटण आणि बंदूक जप्त केली. माझा जबाब घेतला, वाचून न दाखवता सही घेतली. परवाना असताना आणि पीक वाचवताना हा गुन्हा कसा? वाडीतले जाणते म्हणतात, 'मेलेले सापडले' असे सांगा. माझ्या नोकरीचे काय होईल?

उत्तर:

गुन्हा होतो. हे आधी स्पष्ट सांगतो, कारण 'परवाना आहे म्हणजे काही होत नाही' या समजुतीवर कोकणातली कितीतरी घरे अडचणीत येतात. दादांचा परवाना शस्त्र अधिनियम 1959 खालचा आहे. बंदूक बाळगण्याची आणि परवान्यातल्या अटींप्रमाणे शेताची राखण करण्याची मुभा तो देतो. जनावर मारण्याची परवानगी वेगळ्या कायद्यातून, वेगळ्या अधिकाऱ्याकडून, तीही लेखी मिळावी लागते.

तो कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972. रानडुक्कर आज त्याच्या अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. उभ्या पिकाला धोकादायक झालेले असे जनावर मारण्याचा लेखी आदेश कलम 11(1)(ख) खाली देता येतो. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून तो देतो. म्हणजे तुमच्या दादांच्या अडचणीवर वाट कायद्यातच होती, पण ती बार काढण्यापूर्वीची होती. जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मारले तर कलम 11(2) माफी देते. ती माफी माणसाच्या जिवापुरती आहे, भातासाठी नाही. रात्रभर माचावर जागून शेत राखणाऱ्याला हे ऐकताना राग येईल. तो राग मला समजतो, पण न्यायालयात तो बचाव ठरणार नाही.

आता सर्वात नाजूक मुद्दा: डुक्कर नेमके कुठे मेले? पहिला बार शेतात झाला, दुसरा 'वरच्या फॉरेस्टात'. तुमच्याकडे 'फॉरेस्ट' या एका शब्दात तीन-चार प्रकारच्या जमिनी येतात. राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियम 1927 चे कलम 26 ही लागते. राखीव वनातली नियमबाह्य शिकार, गोळीबार, मासेमारी, पाण्यात विष कालवणे, फास लावणे, सगळे त्या एकाच कलमात आहे. (पऱ्यात औषध टाकून मासे मारणाऱ्या पोरांनाही हे सांगा.) कदाचित ती जमीन महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम 1975 खाली शासनाकडे गेलेली असेल. कोकणात असे हजारो सर्व्हे नंबर आहेत आणि लोक त्यांना अजून 'आमचे रान' म्हणतात. त्या सर्व्हे नंबरचा सातबारा काढा आणि इतर हक्कांचा रकाना नीट वाचा.

घाटमाथ्यावर राधानगरी अभयारण्य आहे. मागावर गेलेले लोक त्याच्या हद्दीत शिरले होते का, यावर सगळा खटला फिरेल. अभयारण्याबाहेर अनुसूची 2 मधल्या प्राण्याच्या शिकारीला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अभयारण्यात शिकार झाली असेल तर कैद किमान 3 वर्षे, कमाल 7 वर्षे, दंड किमान 25 हजार, आणि तडजोडीचा, म्हणजे रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, मार्ग बंद. म्हणून घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मिळवा. त्यात कक्ष क्रमांक (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्याचा नंबर) लिहिला आहे का, जीपीएसचे आकडे आहेत का, जवळच्या वनहद्दीच्या बुरुजाचा उल्लेख आहे का, हे वकिलाला बघू द्या. पंचनामा जागेवर बसून झाला की रेंज ऑफिसात, हे पंचांकडूनच उलटतपासणीत बाहेर येते.

'मेलेले सापडले' ही थाप मारू नका. खोटे बोलू नये हे आहेच, शिवाय ती तुम्हाला वाचवतही नाही. कलम 39 प्रमाणे मेलेले सापडलेले वन्यप्राणीही शासनाची मालमत्ता असतात आणि ताबा आल्यापासून 48 तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. तुम्ही कळवले नाही, वाटे केले. शिवाय जनावराच्या अंगात छर्रे निघाले तर थाप तिथेच उघडी पडेल. गप्प राहण्याचा हक्क मात्र तुम्हाला आहे. संविधानाच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पुढच्या चौकशीला बोलावले तर जा, वकिलाला सोबत न्या, पण गोष्ट रचू नका.

तुमच्या जबाबाबद्दल. वनाधिकारी पोलीस नसल्यामुळे पोलिसांपुढच्या कबुलीला जी मनाई आहे, ती इथे आपोआप लागू होत नाही. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा कलम 50 खाली खटल्यात ग्राह्य धरता येतो. त्याखालच्या कर्मचाऱ्याने घेतलेल्या जबाबाला ते वजन नाही. कोणी घेतला, हे आठवून लिहून ठेवा. वाचून न दाखवता सही घेतली, हे आजच वनक्षेत्रपालांना पत्राने कळवा, पोच घ्या, जबाबाची प्रत मागा. सहा महिन्यांनी हेच सांगितलेत तर त्याला पश्चातबुद्धी म्हणतील.

फ्रीजमधल्या मटणाचा प्रश्न तुमचा स्वतःचा आहे. कलम 57 प्रमाणे मटण तुमच्या ताब्यात होते हे सिद्ध झाले, की ते कायदेशीर असल्याचे दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो. पण ते मटण रानडुकराचेच होते, हे आधी सरकार पक्षाला दाखवावे लागेल. रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर मुळात एकाच प्रजातीतले, त्यामुळे 'डुकराचे मांस' एवढ्या अहवालाने भागत नाही. नमुना तुमच्यासमोर घेतला का, लाखेचे सील लावले का, कातडे, केस किंवा सुळे मिळाले का, हे पाहा. आणि एक कटू गोष्ट: तुमचा बचाव आणि दादांचा बचाव एक नाही. दोघांना वेगळे वकील द्या. याने घरात वितुष्ट येत नाही. एकाच वकिलाने एकाला वाचवताना दुसरा अडकला, तर मात्र येते.

जागा अभयारण्याबाहेरची ठरली, तर कलम 54 खाली तडजोडीचा अर्ज करता येतो. उपवनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकारप्राप्त अधिकाऱ्याने रक्कम स्वीकारली की पुढची कारवाई थांबते. रकमेची कमाल मर्यादा 5 लाख आहे, अधिकारी ती किती ठरवतील हे प्रकरणावर अवलंबून. वन अधिनियमाचे कलम लावले असेल तर त्याचीही तडजोड त्याच वेळी मागा. तडजोड झाली म्हणून बंदूक आपोआप सरकारजमा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा ती परत मागण्याचा अर्ज सोडू नका. परवान्याच्या अटींचा भंग मात्र वेगळा. त्यासाठी शस्त्र अधिनियमाचे कलम 30 आहे आणि जिल्हाधिकारी कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. नोटीस आली तर मुदतीत लेखी खुलासा द्या.

नोकरीसाठी सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अटक टाळणे. राज्य शासनाचा कर्मचारी 48 तासांपेक्षा जास्त अटकेत राहिला, तर 1979 च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे तो निलंबित मानला जातो. 3 वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा अजामीनपात्र धरला जातो, म्हणून ओरोसच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज या आठवड्यातच द्या. दादांसाठीही द्या, पण वेगळा. अटक झालीच, तर कार्यालयाला स्वतःहून कळवा.

आणि उरलेल्या भाताचे. बंदूक नाही म्हणून दादांनी क्लच वायरची फासकी लावू नये. फासकी डुकरासाठी लावली तरी तिच्यात बिबट्या अडकतो आणि तो अनुसूची 1 मधला आहे. पुन्हा नुकसान झाले, तर तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे किंवा वनपालाकडे भरपाईचा अर्ज द्या, सातबारा जोडा, पंचनामा होईपर्यंत तुडवलेले पीक हलवू नका. त्याच दिवशी वनक्षेत्रपालांकडे उपद्रवी डुकरांच्या बंदोबस्तासाठी कलम 11 खाली लेखी अर्ज द्या आणि त्याची शिक्क्याची पोच घ्या.